रेपो दर उतरला, बागेचा हप्ता उतरला नाही

महोदय,

2020 च्या मंदीत व्याजदर उतरवणे पुरेसे होते की सरकारने हात सैल सोडायला हवा होता, हा वाद अजून मिटलेला नाही. दापोलीतला आंबा बागायतदार म्हणून माझे मत सांगतो.

मे 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवर आणला. 3 जूनला निसर्ग वादळ आले आणि पिढ्यांपूर्वी लावलेली कलमे मुळासकट आडवी झाली. कर्ज स्वस्त झाले होते, पण ते घेऊन करणार काय? नवे कलम भरघोस धरायला दहाएक वर्षे जातात. पुढचे उत्पन्नच दिसत नसेल तर माणूस कमी व्याजालाही भुलत नाही. अशा वेळी सरकारनेच थेट खर्च करायला हवा. गडी, रोपे, बांधबंदिस्ती, कशावरही करा, पण पैसा गावात फिरू द्या.

मे 2022 पासून दर चढू लागला तो फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 टक्क्यांवर गेला. महागाई रोखायलाच हवी, हे मान्य. पण युक्रेन युद्धाने चढलेले तेल-खताचे भाव आमचा हप्ता वाढवून कसे उतरणार?

शिवाय माझ्या बँकेने दर उतरताना वर्षभर हप्ता तसाच ठेवला, चढताना मात्र लगेच वाढवला. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे आणि लघुउद्योगांची कर्जे रेपोसारख्या बाह्य, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या, दराशी जोडणे सक्तीचे आहे. बागायतीच्या मुदत कर्जालाही रिझर्व्ह बँकेने हाच नियम लावावा.

– एक बागायतदार, दापोली (जि. रत्नागिरी)