कमी फॅट म्हणजे भेसळ नव्हे

महोदय,

मुरबाड-शहापूर भागात गाईच्या दुधाची फॅट (स्निग्धांश) ३.५ टक्क्यांच्या खाली आली, की दर तर कापला जातोच, वर पाणी घातल्याचा संशयही शेतकऱ्यावर घेतला जातो, हे क्लेशदायक आहे. पाणी घातले असते, तर एसएनएफही (फॅट वगळून दुधातील इतर घन घटक) घसरला असता! दुधातील सुमारे निम्मी फॅट कासेतच तयार होते आणि त्यासाठी लागणारी ॲसिटिक व ब्युटिरिक आम्ले कोटीपोटातील (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटातील) जिवाणू प्रामुख्याने चाऱ्यातील तंतू आंबवून पुरवतात. वैरण कमी पडून भरडा (भरडलेले धान्य) किंवा शिळे पाव यांचा मारा वाढला, की रवंथ घटते, लाळ कमी सुटते, कोटीपोटातील आम्लता वाढते आणि तेलयुक्त खुराकापासून अशी काही स्निग्धाम्ले तयार होतात, जी कासेतील फॅटनिर्मितीच रोखतात. दूध मात्र तेवढेच राहते. भाताचा पेंढा आपल्याकडे मुबलक असला, तरी तो एकटा निकस असल्याने त्याला हिरव्या चाऱ्याची जोड हवी, कुट्टी (कापलेली वैरण) फार बारीक नसावी आणि खुराक विभागून द्यावा. दर कापण्यापूर्वी पशुवैद्यकाने गव्हाण पाहावी, अशी व्यवस्था पशुसंवर्धन विभागाने करावी.

– एक दूध उत्पादक, मुरबाड (जि. ठाणे)