एकाच पुस्तकाच्या वीस प्रती द्या: कोल्हापुरातून ग्रंथालयमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक ग्रंथालये आपल्या खात्याकडे आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. वाचनालयात माणसांनी एकत्र बसून पुस्तक वाचावे, यासाठी सरकारने प्रती पुरवाव्यात आणि अनुदानाच्या नियमांत त्या वाचनाला जागा द्यावी, एवढे मागणे आहे.

कोल्हापूरने हे मागावे याला आधार आहे. आमचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. देश स्वतंत्र होण्याआधीच, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा.

आज पेठेतल्या एखाद्या वाचनालयात संध्याकाळी डोकावून पाहा. बाहेरच्या बाकांवर पेन्शनर मंडळी वर्तमानपत्रे चाळत असतात. आत अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी मुले मान खाली घालून बसलेली. काउंटरवर पुस्तक बदलून घाईने घरी निघालेल्या बायका. सगळे एकाच छपराखाली येतात, वर्षानुवर्षे येतात, आणि एकमेकांचे नावही त्यांना ठाऊक नसते.

आम्ही काही जणांनी आमच्या वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पद्धत नवी नाही. श्रावणात गावोगावी पोथी लावतात तेव्हा एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, मध्येच कुणी शंका काढतो. अक्षरओळख नसलेली आजीही त्या वाचनात पुरती सामील असते. अमेरिकेतल्या सिएटल शहरात १९९८ साली ग्रंथालयाच्या पुढाकाराने सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचायचा उपक्रम झाला आणि पुढे तो अनेक शहरांनी उचलला. आपल्याकडे तर त्याची सवय घराघरांत आहे. फक्त ती कथा-कादंबऱ्यांपर्यंत, आत्मचरित्रांपर्यंत न्यायची आहे.

एका गुरुवारी गावाकडच्या एका गोष्टीत, बैलांकडून विहिरीचे पाणी ओढायच्या मोटेचे वर्णन आले. वाचणारा मुलगा अभ्यासिकेतला, परीक्षेची तयारी करणारा. मोट त्याने पाहिलेली नव्हती. उद्यमनगरातल्या फौंड्रीतून निवृत्त झालेले एक काका उठले. नाडा आणि सोंदूर हे दोर कुठे, बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की पाणी थारोळ्यात कसे पडते, हे त्यांनी हातवारे करून दाखवले. मग धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका मावशी बोलू लागल्या. विहीर वडिलांची, पण वाटणीत बहिणींना काहीच आले नाही, हे त्यांनी सांगितले तेव्हा खोलीतले तीन-चार पुरुष अस्वस्थ झाले. वाद झाला, चांगलाच झाला. पुढच्या गुरुवारी ती सगळी माणसे परत आली. आता तो मुलगा काकांना अर्ज भरून देतो, मावशींची मुलगी अभ्यासिकेत येते. व्याख्यानाने हे झाले नसते. व्याख्यानाला माणूस ऐकायला येतो आणि उठून जातो.

अडचण साधी आहे. आमच्याकडे बहुतेक पुस्तकांची एकेकच प्रत. अनुदानासाठी वाचनालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या पाहतात, सभासद, वर्तमानपत्रे, नियतकालिके, उघडे राहण्याचे तास पाहतात. ती पुस्तके किती माणसांनी मिळून वाचली, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. मग तुटपुंज्या पगारावरचा ग्रंथपाल त्यासाठी संध्याकाळ का खर्च करील? १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, ग्रंथोत्सव होतो, ते व्हावेतच. पण शेजार जोडायला आठवड्याला भेटणारी माणसे लागतात.

म्हणून सांगते, एका पुस्तकाच्या वीस प्रतींची एक पेटी, अशा बारा पेट्या द्या. जिल्ह्यात तालुके बारा आहेत. दोन-दोन महिन्यांनी पेटी पुढच्या तालुक्याला जाईल. चंदगडने वाचलेले शिरोळ वाचेल. पुस्तक कोणते हे मात्र मुंबईहून ठरवू नका. वाचनालयांना, तिथल्या वाचकांना ठरवू द्या, नाहीतर ती सक्ती होईल आणि प्रती कपाटात राहतील. वाचनाच्या बैठकींची नोंद वर्गवारीत धरा. बैठक चालवणाऱ्या ग्रंथपालाला वेगळे मानधन द्या. आणि वाचता न येणाऱ्यालाही या बैठकीचा सभासद होता आले पाहिजे, हे नियमात स्पष्ट लिहा. माझ्या मते या सगळ्यात हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे.

अनुदानाच्या पहिल्या हप्त्याबरोबर हा निर्णय आला तर येत्या श्रावणात जिल्ह्यातल्या बारा ठिकाणी सुरुवात करता येईल. आमच्या वाचनालयाची खोली आणि गुरुवारची माणसे तयार आहेत.

आपली,
एका पेठेतील वाचनालयाची कार्यकर्ती,
कोल्हापूर