मामा, गाडी मलाच उचलू दिलीत त्याबद्दल

मामांना साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणता आणि आत हाक मारून चहा ठेवायला सांगता. मागच्या खेपेला तसंच झालं. म्हणून लिहून काढते आहे, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. तुमचा नातू फोनवर वाचून दाखवेल. तुमचं नाव या पत्रात नाही, कारण ते तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत. 'मामा म्हण' म्हणालात, तेवढं पुरलं.

डोंगरातल्या चिखलात गाडी चालवायला कशाला शिकायचं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. बाकी सगळ्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं. घरी, ऑफिसात, शेजारी. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात बिलं आणि चलनं बघते, रोज स्कूटरवरून जाते-येते, आणि त्या लोकांच्या मते माझं तेवढ्यात भागायला हवं. तुम्हाला मात्र आपणहून सांगावंसं वाटतं. माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. लहानपणी एसटीतून उतरलं की डांबर संपायचं आणि तांबड्या मातीची गाडीवाट सुरू व्हायची. मृग लागला की त्या वाटेवरून पुरुष गाडीवरून जायचे, बायका डोईवर ओझं घेऊन कडेकडेनं चालायच्या. त्या वाटेनं, भर पावसात, स्वतः गाडी चालवत जायचं ही माझी तेव्हापासूनची हौस. नोकरी, लग्न, मुलं यांत ती मागे पडली, पण विझली नाही. पैसे साठवून मी जुनी एक्सपल्स मोटरसायकल घेतली. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, इंजिनाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, वजन १५७ किलो. माझ्या दुपटीहून जास्त. ती दारात आली त्या दिवशी मी तिला हळदकुंकू लावलं आणि मनात म्हटलं, आता शिकायचंच.

शिकवणारे मिळाले. तुमच्या आधी जे मिळाले त्यांच्याबद्दलही इथं लिहिणार आहे, कारण त्यांनी जे केलं ते पुष्कळ ठिकाणी चालतं आणि कुणी बोलत नाही.

पैसे भरून एका शिबिराला गेले. पहिल्याच भाषणात तिथल्या प्रशिक्षकानं बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेचं नाव घेतलं. २०१९ साली तिनं बाहा विश्वचषकात महिलांचा गट जिंकला, आपल्याच राज्यातली मुलगी. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पण कोरड्या मैदानातून चिखलात जायची वेळ आली तेव्हा तोच माणूस म्हणाला, 'लेडीजनी इथंच थांबा, फोटो काढा.' हट्टानं गेले. पडले. मी उठायच्या आत दोघांनी येऊन गाडी उचलली आणि त्यांच्या माणसानं ती पलीकडे नेऊन लावली. मी मागून चालत गेले. संध्याकाळी माझ्या पडण्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता, खाली गाणं लावलेलं. माझ्या मुलानं तो बघितला. तो काही बोलला नाही, तेच मला जास्त लागलं.

नंतर रविवारी फिरायला जाणारी ओळखीची मंडळी. त्यांच्यात दुष्टावा नव्हता. पण एक म्हणायचा रेस दे, दुसरा म्हणायचा क्लच दाब, तिसरा पाय टाक, चौथा पाय उचल, आणि हे सगळं कोरड्या कडेला उभं राहून. मी अडकले की थोडा वेळ वाट बघायचे आणि मग जांबोटीला चहा-चिवड्यासाठी पुढं निघून जायचे. कुसमळीच्या पुढं एकदा मी तासभर एकटी होते. त्यांच्यातला एकही माणूस मागे वळून आला नाही.

तुम्ही भेटलात तो दिवस तुमच्या लक्षात असेल की नाही कोण जाणे. तरणा पाऊस लागला होता, शिवारात रोप लावण चालली होती आणि ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी वाटेची पार राड केलेली. चाकोरी घोट्याच्या वर खोल. माझं पुढचं चाक एका चाकोरीत, मागचं दुसऱ्या, आणि गाडी आडवी. तुम्ही डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन रोपांच्या जुड्या बांधावर टाकत होता. ते सोडून आलात. आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केलंत आणि विचारलंत, 'पाय मोकळा हाय न्हवं?' मी हो म्हटलं. मग तुम्ही गाडीला हात लावाल म्हणून मी बाजूला झाले, कारण तोवर तसंच होत आलं होतं. पण तुम्ही हात लावला नाहीत. म्हणालात, 'कुणाला हाक मारू, का तूच उचलतीस?'

मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मी उचलते.

'मग मी तिकडं तोंड करतो. तू उचल निवांत.'

आणि खरोखरच तुम्ही शेताकडे तोंड करून उभे राहिलात. रोप लावणाऱ्या बायका कंबर सरळ करून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना ओरडून सांगितलंत, 'बघत बसू नका गे, लावण आटपा.' त्या वाकल्या. त्या वाटेवर मला बघणारं कुणीच उरलं नाही.

मामा, त्या क्षणानं मला काय दिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, तरी प्रयत्न करते. पडण्याची भीती मला तोवर उरली नव्हती. भीती होती ती पडल्यावरच्या नजरांची. कुणी हसेल, कुणी कीव करेल, कुणी फोन काढेल, कुणी घाईनं गाडी हिसकावून घेईल. चिखलात गाडी उचलताना माणूस कसा दिसतो? कपडे वर सरकतात, तोंड वाकडं होतं, कण्हणं बाहेर पडतं. तुम्ही ते सगळं मला एकटीला करू दिलंत. निघूनही गेला नाहीत. चार पावलांवर उभे होता, पाऊस अंगावर घेत, स्वतःचं लावणीचं काम खोळंबवून. पहिल्यांदा गाडी अर्ध्यावर आली आणि घसरून परत आडवी झाली. तो आवाज तुम्ही ऐकलात. तुमचा खांदा हलला, पण मान वळली नाही. शेताकडेच बघत म्हणालात, 'कमरेत वाकून ओढू नको. सीटला पाठ लाव, एक हात हँडलला, एक मागच्या कडीला. पायाखाली घट्ट जागा बघ आणि पायांनं ढकल.'

गाडी उभी राहिली. मी म्हटलं, 'उचलली.' तेव्हा वळलात. टाळ्या नाहीत, शाब्बास नाही. 'हां. आता पुढं कसं काढायची ते बघू,' एवढंच. मला रडू आलं होतं. ते पावसात तुम्हाला दिसलं नसेल, किंवा दिसूनही तुम्ही काही बोलला नाहीत.

पुढचे रविवार मी तुमच्याकडेच शिकले. 'ऑफरोड' हा शब्द तुमच्या तोंडून कधी ऐकला नाही. सीडी १०० मोटरसायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून, साध्या रस्त्याच्या टायरवर, पहाटेच्या अंधारात तुम्ही वर्षानुवर्षं त्याच वाटांनी डेअरी गाठलीत. तुम्ही मला जे शिकवलंत त्याचं मूळ एकाच गोष्टीत होतं: दूध डुचमळता कामा नये. म्हणून रेस एकसारखी, झटका नाही. चिखलात शिरायच्या आधीच दुसरा गिअर, कारण पहिल्यात चाक जागच्या जागी फिरतं आणि खड्डा करतं. मधेच क्लच दाबायचा नाही, पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. नजर चाकावर ठेवायची नाही, चाकोरी जिथं संपते तिथं ठेवायची. आणि तुमचं ते वाक्य, 'हँडल थोडं हलणारच, हलू दे, तू त्याच्याशी भांडू नको.' हे वाक्य मी आता ऑफिसातही स्वतःला सांगते.

माझ्या गाडीचं उंच मडगार्ड बघून तुम्ही पहिल्याच दिवशी मान डोलावलीत. तुमची सोयरीक धामणेकडची, तिथली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे इतकी भरते की चाक फिरेनासं होतं, म्हणून पावसाळ्यात तिकडं जाताना तुम्ही पुढचं मडगार्डच काढून ठेवायचात. मला ते उंच मडगार्ड नुसतं दिसायला म्हणून ठेवलेलं वाटायचं. बटण टायर, म्हणजे मोठ्या गुट्ट्यांचे टायर, लावून हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते, हे मी वाचलं होतं. पण ट्यूबच्या टायरला त्याहून कमी केली तर ट्यूब रिममध्ये चेपते आणि डांबरावर यायच्या आधी परत भरायची असते, हे तुमच्या पंपानं शिकवलं.

आणि तुमचे नियम. लावणीच्या शेतातून किंवा बांधावरून गाडी घालायची नाही. भीमगडच्या अभयारण्यात शिरायचं नाही, तिथं जनावरांची वाट आहे. ओढा आला की आधी चपला काढून चालत पलीकडं जायचं, तळाला दगड आहे की गाळ ते पायाला कळू द्यायचं, मगच गाडी. शिबिरात हजारो रुपये घेणाऱ्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. ते लोक वाईट होते असं मी म्हणत नाही. पण शिकायला आलेल्या माणसाची अब्रू आपल्या हातात आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तुम्हाला ते कुणी शिकवावं लागलं नाही.

आपल्या या पट्ट्यात अशी माणसं आहेत, म्हणून इथं राहावंसं वाटतं. चोर्ला घाटाच्या अलीकडे पावसात गाडी अडकली तर शेतातली माणसं खोरं टाकून येतात. गाडी बेळगावची केए २२ आहे, कोल्हापूरची एमएच ०९ आहे की गोव्याची, हे ढकलून झाल्यावरसुद्धा कुणी बघत नाही. आतला माणूस मराठी बोलतो की कन्नड, हेही नाही. तुम्ही तर एकाच वाक्यात दोन्ही बोलता. सीमेवरून मोठमोठी भाषणं मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि माझी मतं पक्की आहेत. पण चिखलात उतरून येणाऱ्या माणसाबद्दल मला जो आदर वाटतो, तो कुठल्याही व्यासपीठावरच्या माणसाबद्दल वाटलेला नाही. मदत करणारे पुष्कळ असतात, मामा. मदत करताना समोरच्याला लहान न करणारे फार थोडे. माझ्या वडिलांत ते होतं. ते गेल्यावर मला ते तुमच्यात दिसलं.

परवा मी कणकुंबीपर्यंत गेले, माऊलीच्या देवळापर्यंत, जिथं मलप्रभा उगम पावते. मधली कच्ची वाट धरून, एकटी. दोनदा पडले आणि दोनदा उचलली. मुलाला व्हिडिओ कॉल करून देऊळ दाखवलं. तो म्हणाला, 'आई, गाडी दाखव.' चिखलानं माखलेली गाडी बघून जो हसला, तसा तो माझ्यामुळे कितीतरी दिवसांत हसला नव्हता.

तुम्ही पैसे घेत नाही आणि मिठाई आणली तर रागावता, म्हणून एक केलं आहे. तुमच्या सीडी १०० चा कॅन अडकवायचा उजवीकडचा हूक तारेनं बांधलेला आहे, तुमचा मुलगा आता त्यावरूनच दूध घालतो. मागच्या खेपेला मी त्याचं माप घेतलं होतं. आमच्या शेजारच्या मशीन शॉपमध्ये तसे दोन करून घेतलेत, चांगल्या पोलादाचे, वेल्डिंगसह. एक बसवायला, एक जादा. लेथवरच्या पोराला कुणी किंमत विचारली तर सांगायची नाही अशी त्याला ताकीद दिली आहे. येत्या रविवारी घेऊन येते. बसवायला पान्हे माझ्याकडे आहेत, तुम्ही फक्त गाडी घरी ठेवा.

तुमची भाची