जादू काढली, पण लान्सेलॉट तसाच ठेवला

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसात घरी बसून बघायच्या सिनेमांची यादी आली होती. त्यात २००४ चा 'किंग आर्थर' होता आणि पुढे लिहिलं होतं की दंतकथा बाजूला सारून ब्रिटनच्या या राजाचा खरा इतिहास बघायचा असेल तर हाच बघा. वाचता वाचता हातातला चहा गार झाला. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं तर कापा.

म्हापशाला माझी सीडी-डीव्हीडी भाड्यानं द्यायची लायब्ररी होती, मोबाईलवर सिनेमे यायला लागले तशी बंद पडली. शुक्रवारी बाजाराला आलेली माणसं पिशव्या दाराशी ठेवून आत यायची आणि कुठलाही तलवारींचा सिनेमा हातात घेतला की पहिला प्रश्न एकच, "खरी स्टोरी काय रे?" या सिनेमाला मी बिनधास्त हो म्हणायचो, कारण सुरवातीलाच पाटी येते की आर्थरच्या गोष्टीमागे एक खराखुरा वीर होता यावर इतिहासकारांचं एकमत आहे आणि नव्या सापडलेल्या पुराव्यांतून तो कोण ते कळायला लागलंय. सिनेमावालेच असं म्हणतात तर मी कोण नाय म्हणणारा. पुढे दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वेळ जास्त झाला तेव्हा या विषयावर मिळेल ते वाचत गेलो आणि कळलं की तसलं एकमत कधी नव्हतंच.

झालंय काय, लुसियस आर्टोरियस कास्टस नावाचा एक रोमन अधिकारी खरोखर होऊन गेला, त्याचा शिलालेख आजच्या क्रोएशियात स्प्लिट शहराजवळ मिळालाय आणि ब्रिटनमधल्या सहाव्या लिजनमध्ये, म्हणजे रोमन फौजेच्या तुकडीत, तो अधिकारी होता असं त्यावर कोरलंय. दुसरं, इ. स. १७५ मध्ये मार्कस ऑरेलियस बादशहानं डॅन्यूब नदीपलीकडच्या सर्मेशियन टोळ्यांकडून ८ हजार घोडेस्वार घेतले आणि त्यातले साडेपाच हजार ब्रिटनला धाडले, हे पण लिहून ठेवलेलं आहे. सिनेमावाल्यांनी दोन्ही जोडून आर्टोरियसचा आर्थर केला नि सर्मेशियनांच्या वंशजांना नाइट केलं. इथपर्यंत गंमत आहे, मला पण आवडली. पण कास्टस दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला आणि सिनेमा घडतो ४६७ साली, रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली साधारण ४१० ला, म्हणजे त्याला पण पन्नासेक वर्षं उलटून गेलेली. आणि ब्रिटनवर चालून आलेले सॅक्सन उतरतात कुठे, तर रोमनांनी ब्रिटनच्या उत्तर भागात बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीच्या उत्तरेला! ते बिचारे समुद्रावरून आले पूर्वेला नि दक्षिणेला, केंट, ससेक्स त्या बाजूला. पोर्तुगीज गोव्यात आले ते चोर्ल्याचा घाट उतरून आले असं कुणी दाखवलं तर आपण काय म्हणू? भिंतीपलीकडच्या पिक्ट लोकांना तर सिनेमात 'वोड' असं नवंच नाव दिलंय, वोड म्हणजे निळा रंग देणारं झाड, उद्या आपण एखाद्या जमातीचं नावच नीळ ठेवावं तसं.

हे सगळं मी माफ करीन हो. सिनेमा आहे, चालतं. मला खटकतं ते वेगळंच.

आर्थरच्या लढाया सांगणारं पहिलं पुस्तक साधारण ८२९-३० चं, लॅटिनमधलं. त्याच्याही आधी सहाव्या शतकात गिल्डास नावाच्या साधूनं ब्रिटन लोकांनी सॅक्सनांना हरवलं त्या बेडनच्या लढाईबद्दल लिहिलं, पण त्यात आर्थरचं नावच नाय. या ८२९ च्या पुस्तकात आर्थरच्या १२ लढाया आहेत आणि बेडनला त्यानं एकट्यानं एका दिवसात ९६० माणसं मारली असं आहे. म्हणजे पहिल्याच पुस्तकात हिशोब असा! आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी चमत्कारांची यादी आहे, आर्थरच्या कुत्र्याचा पाय उमटलेला एक दगड आहे तो कुणी उचलून नेला तरी दुसऱ्या दिवशी परत जाग्यावर, आणि आर्थरच्या मुलाचं एक थडगं आहे ते जेवढ्या वेळा मोजाल तेवढ्या वेळा माप वेगळं, कधी सहा फूट, कधी नऊ, कधी पंधरा. वेल्श लोकांच्या जुन्या गोष्टीत तर आर्थर एका रानडुकराच्या मागे लागतो, तो मुळात राजा होता आणि पापामुळे डुक्कर झाला, त्याच्या दोन कानांच्या मध्ये कंगवा, कातर आणि वस्तरा असतो आणि ते मिळवायला सगळी फौज देश पालथा घालते. एवढं भारी मटेरियल हातात असताना ते सोडून भिंतीवरचा पहारा कोण दाखवतो?

उलट लान्सेलॉट बघा, आर्थरचा सगळ्यात गाजलेला नाइट. ८२९ च्या पुस्तकात तो नाय, त्या वेल्श गोष्टीत नाय, तो आणला बाराव्या शतकात एका फ्रेंच कवीनं, साडेतीनशे वर्षांनी. आर्थर आणि नाइट ज्याच्याभोवती बसतात ते गोलमेज पण बाराव्या शतकातलं, ११५५ च्या पुस्तकात पहिल्यांदा दिसतं. म्हणजे "खरा इतिहास" दाखवायला बसले तेव्हा जे जुन्यातलं जुनं ते जादू म्हणून काढून टाकलं आणि जे उशिरा बाहेरून आलं ते इतिहास म्हणून ठेवलं. लान्सेलॉट आहे, गॅलहॅड आहे, मोठं गोल टेबल पण आहे. घर जुनं ठेवायचं म्हणून मंगळूरी कौलं काढून पत्रे घातले, आतली फरशी मात्र परवाच बसवलेली ती तशीच.

दंतकथेत दगडात रुतलेली तलवार आर्थर उपसतो आणि राजा होतो, ती त्यांनी कशी बसवली ते सांगतो. छोटा आर्थर आईला वाचवायला बापाच्या थडग्यावर रोवलेली तलवार ओढून काढतो. ठीक आहे, बरं जमलंय. पण याहून भारी २००७ च्या 'द लास्ट लिजन'मध्ये आहे. हा आपल्याकडे ऐश्वर्यामुळे माहीत, माझ्याकडे लोक कव्हर बघूनच न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आणायचे. त्यात रोमचा शेवटचा पोरगा बादशहा रोम्युलस तलवार घेऊन ब्रिटनला जातो आणि आर्थरचा बाप होतो. शेवटी फेकलेली तलवार दगडात रुतते, पात्यावर लॅटिन अक्षरं असतात आणि वर्षं गेल्यावर त्यावर शेवाळ चढून मधलीच थोडी अक्षरं दिसत राहतात, आणि ती वाचायची एक्सकॅलिबर, म्हणजे आर्थरच्या तलवारीचं नाव. मी उठून टाळी वाजवली होती! एकट्यानं, दुकानात. खऱ्या रोम्युलसचं काय झालं तर ४७६ ला ओडोअकर नावाच्या परक्या सरदारानं त्याला गादीवरून उतरवलं आणि पोर आहे म्हणून जीव न घेता वर्षाला पेन्शन लावून इटलीतच दक्षिणेकडे पाठवून दिलं. पण या सिनेमानं "इतिहासकारांचं एकमत" अशी पाटी लावून स्वतःला मिरवलं नाय, म्हणून माझा त्याच्यावर राग नाय.

'किंग आर्थर'मध्ये बघण्यासारखं एकच, गोठलेल्या तळ्यावरची लढाई. समोर सॅक्सनांची तुकडी, इकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं धनुष्यं घेऊन उभी. ते समोरच्या टोकांवर बाण मारतात म्हणजे घाबरून सगळे मध्ये गोळा होतात आणि वजनानं बर्फाला चिरा पडायला लागतात, तो करकर आवाज, मग डॅगोनेट नावाचा नाइट कुऱ्हाड घेऊन एकटा पुढे धावतो आणि बर्फ फोडत बसतो, अंगात बाण घुसतात तरी थांबत नाय. ती डीव्हीडी त्या ठिकाणी अडकायची इतकी घासली होती. आता यात इतिहास किती? मला पर्वा नाय. तिथे मला कुणी पाटी दाखवत नाय ना.

आमच्या गावात देवळाच्या कालोत दशावतारी यायचे. संकासूर आला की काळे कपडे, लोंबती तांबडी जीभ, आम्ही पोरं आईच्या पाठीमागे. सकाळी तोच माणूस बसस्टॉपवर चहात पाव बुडवून खाताना दिसायचा, तरी रात्री परत तितकीच भीती. सुरवातीला कुणी उभं राहून "संकासूर हा मुळात एक समुद्री चाचा होता" असं सांगितलं असतं तर लोकांनी त्याला खाली बसवलं असतं. बाण मारून समुद्र मागे सारणाऱ्या परशुरामाचं पण आता तेच चाललंय, व्हॉट्सअपवर रोज कोणतरी पाठवतो की बाण म्हणजे समुद्र मागे हटल्याची आठवण. असेल पण. मी लहानपणी आजीला विचारलं होतं की बाणावलीला बाण कुठे दिसला नाय, नुसती वाळू आणि रापणकार दिसले, तर ती म्हणाली, "देवाचो बाण तो, तुका कसो दिसतलो रे?" त्या उत्तरावर तुम्ही पाटी लावून दाखवा.

आणखी एक राहिलं. जुन्या वेल्श नोंदीत ५३७ साल घालून एकच ओळ आहे की कॅमलानच्या लढाईत आर्थर आणि मेड्रॉट (पुढच्या गोष्टींत आर्थरवर उलटलेला मॉर्ड्रेड) पडले. लोकांनी पुढे म्हटलं की तो मेला नाय, ॲव्हेलॉनच्या बेटावर आहे, परत येणार. पोर्तुगालमध्ये राजा सेबास्तियांवबद्दल हेच म्हणायचे, तो १५७८ ला मोरोक्कोत लढाईत गेला आणि धुक्याच्या सकाळी परत येणार म्हणून लोक किती पिढ्या वाट बघत बसले. तेव्हा तो आपला गोव्याचा पण राजा होता, इथं कुणी वाट बघितली की नाय देव जाणे! सिनेमा मात्र लग्नावर संपतो. इतिहास सांगायला निघाले आणि साल घातलेली ती कॅमलानची ओळच गाळली.

तेव्हा साहेब, पुढच्या रविवारी त्या यादीखाली बारीक अक्षरात एवढंच छापा की बर्फावरची लढाई चुकवू नका, ४६७ साल सिनेमावाल्यांचं आणि लान्सेलॉट फ्रेंचांचा.

आपला,
एक जुना वाचक, म्हापसा