जवानाचा डॉक्टर पारखून, आमचा गोळे मोजून?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या आईचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. ओपीडीतल्या तरुण डॉक्टरांनी फाइल उघडली, "कॅन्सर आहे, चौथी स्टेज, वरच्या मजल्यावर दाखवा" म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. आई समोरच स्टुलावर. जिना चढताना तिनं विचारलं, "चौथी म्हणजे शेवटली का रे?" तेव्हापासून ती धड जेवत नाही, मला झोप नाही, आणि बायको म्हणते, मंत्र्याला लिहून काय होणार!

डॉक्टरांचा राग येतोच. पण त्यांना त्या खुर्चीपर्यंत पोचवताना त्यांच्याशी कुणी दोन वाक्यं बोललं होतं का? नीट ही प्रवेश परीक्षा: १८० प्रश्न, ७२० गुण, उत्तरपत्रिकेवर रंगवलेले गोळे, झाला डॉक्टर. अपवाद आहे, आणि तोच जास्त झोंबतो. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, नीटनंतर मुलांना बोलावून मुलाखत घेतात, मानसिक चाचणीही घेतात. म्हणजे जवानाला तपासणारा पारखून हवा, माझ्या आईला कसाही चालेल? २०१९ पासून एमबीबीएसला 'एटकॉम' म्हणून रुग्णाशी बोलायला शिकवतात म्हणे. दिसलं ते.

म्हणून मागणी एकच: एमबीबीएसच्या प्रवेशाला सगळीकडंच नीटनंतर मुलाखत घ्या. मुलाखत म्हटली की वशिला, असं तुमचे अधिकारी सांगतील. खरंच आहे. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन-तीन मिनिटांत उरकलेल्या मुलाखतीला एकतृतीयांश गुण देणं मनमानी ठरवलं, १५ टक्क्यांवर नको म्हटलं. मुलाखती बंद करा असं कुठं म्हटलं? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं तर वाट काढून २००४ मध्ये छापलीसुद्धा: एका लांब मुलाखतीऐवजी आठ-आठ मिनिटांच्या दहा. प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, वेगळा पेच. एकीत विमानाला घाबरलेल्या सहकाऱ्याचं सोंग घेतलेला नट, त्याला धीर द्यायचा. दहाही जणांना 'मॅनेज' करणं आपल्याकडंसुद्धा जड जाईल.

नीटच्या २० लाखांवर मुलांना बोलवा असं म्हणत नाही. जागा लाखभर, यादीतल्या वरच्या दीडपटीला बोलवा. मराठीत, हिंदीत विचारा, नाहीतर फाडफाड इंग्रजीवालेच पुढं जातील.

पण तुम्ही करणार नाही. पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाच्या, जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून २०२३ मध्ये कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणता, उणे गुणवालाही पात्र! एमबीबीएसच्या नीटमध्ये २०२४ ला ६७ जणांना पैकीच्या पैकी, मग कोर्टकचेऱ्या, मग उरले १७. वर कोचिंगची दुकानं, व्यवस्थापन कोटा, एनआरआय कोटा. तिथं मुलाखत होते ती बापाच्या पासबुकाची.

"आपले पत्र संबंधित विभागाकडे वर्ग केले आहे" हे छापील उत्तर पाठवू नका. असा प्रस्ताव वैद्यकीय आयोगापुढं कधी आला का, आणि कुणी बाजूला ठेवला, हे मी माहिती अधिकारात विचारतोच आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडलेला अर्ज तयार आहे.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातला एक करदाता