मिरियमताई, चमकी अजून निघालेली नाही

प्रिय डॉ. मिरियम सिदिबे,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मुंबईत ओळखपाळख नसलेल्या बाईलाही ताई म्हणायची पद्धत आहे. बसमध्ये, रेशनच्या रांगेत, अगदी नळावर भांडतानासुद्धा. तेव्हा पुढे मीही तुम्हाला ताईच म्हणणार आहे. मी गोवंडीतल्या पालिकेच्या एका मराठी शाळेत दुसरीला शिकवते. तुम्ही आफ्रिकेतल्या माली देशाच्या, लोकांना साबणाने हात धुण्याची सवय लागावी म्हणून काम करणाऱ्या, तुम्हाला मराठी येत नसणार. पण इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून रजेचा अर्जच उतरतो, आणि आभार काही अर्जाच्या भाषेत मानायचे नसतात.

आधी वर्गाची गोष्ट. आमच्या भिंतीवर हात धुण्याचा एक तक्ता होता. नळ, साबण, फेस, आणि कोपऱ्यात दात विचकणारे हिरवे जंतू. तोंडी परीक्षेत मी विचारायचे, जेवणाआधी काय करावं? चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, "हात स्वच्छ धुवावेत!" सगळ्यांना पैकीच्या पैकी. मग मधल्या सुट्टीची घंटा व्हायची, खिचडीचं पातेलं यायचं, आणि हीच चाळीस पोरं चड्डीला हात पुसून ताटावर बसायची. मी जंतांची भीती घालून पाहिली. दुसरीच्या पोरांना जंत या शब्दाने हसू येतं. एकाने तर किती लांबीचा जंत होऊ शकतो यावर वर्गात पैज लावली.

वीस वर्षं मी असं समजत होते की यांना माहीत नाही, म्हणून हे धूत नाहीत. मग मी अजून सांगायचे. अजून एक तक्ता लावायचे.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा बंद पडल्या आणि मोबाइलवर प्रशिक्षणांचा मारा सुरू झाला. त्यातल्या एकात तुमचं २०१४ सालचं भाषण दाखवलं. पाच वर्षांच्या आतली लेकरं भरलेली साठ विमानं रोज कोसळताहेत असं समजा, असं काहीसं तुम्ही म्हणालात. मी मेथी निवडायची थांबले. मग कळलं की भाषणाच्या वेळी तुम्ही युनिलिव्हरमध्ये होतात, लाइफबॉय साबणाच्या हात धुण्याच्या मोहिमेचं काम बघत होतात. मेथी पुन्हा पुढे ओढली.

राग मानू नका. माझे बाबा लालबागला गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या संपानंतर आमच्या घरात काय झालं ते इथे लिहीत नाही, पण मालक गोड बोलायला लागला की आधी खिसा चाचपावा, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. साबण विकणारा हात धुवा म्हणणारच, त्यात आभार कसले, असं मनात आलं.

तरी तुमचा एक मुद्दा डोक्यातून जाईना. साबण घरोघरी आहेच, म्हणालात, तो हाताला लागत नाही एवढंच. मी आमच्या वस्तीतल्या खोल्या डोळ्यांपुढे आणल्या. दहा बाय दहाच्या खोलीतही मोरीच्या कठड्यावर साबण असतोच. एक कपड्यांची वडी, एक भांड्यांची, एक अंगाची. अंगाची वडी घरात पाच-सहा माणसांत महिनाभर पुरवायची असते. शौचाहून आल्यावर ती हाताला लावायची म्हणजे उधळपट्टी. "हात काय मळलेत का, बाई?" असं एका आईने मला खरंच विचारलं होतं, आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. आरोग्य खात्याला रोगाची खडान्‌खडा माहिती असते. पण ही बाई पाच रुपयांची वडी का घेते, दहाची का घेत नाही, ती वडी कुठे ठेवते, कोणापासून लपवते, हे कंपनीला जास्त ठाऊक. ज्या कसबाने वडी विकली जाते त्याच कसबाने ती योग्य वेळी हाताला लागावी, यासाठी तुम्ही कंपनीच्या आत जाऊन बसलात. लाइफबॉयने तर एक अब्ज लोकांची सवय बदलायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. मला माझ्या चाळिसांचीच चिंता.

मग मी हात धुऊन या विषयाच्या मागे लागले. (वाक्प्रचार आपोआप आला, मुद्दाम नाही.) तुम्ही लंडनच्या ज्या संस्थेत हात धुण्यावर डॉक्टरेट केलीत, तिथल्या व्हॅल कर्टिस बाईंनी किळस या एका भावनेवर किती काम करून ठेवलंय ते वाचलं. आंध्रात चित्तूर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये त्यांच्या गटाने एक प्रयोग केला, तो २०१४ मध्ये छापून आला. त्यात रोगराईचं नावसुद्धा काढलं नव्हतं. होती ती एका आदर्श आईची गोष्ट, किळस आणि चारचौघांत घेतलेली शपथ. सुरुवातीला ऐन वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण शंभरात एक होतं, सहा महिन्यांनी ते ३७ वर गेलं. माझ्या वीस वर्षांच्या तक्त्यांनी एवढं केलं नव्हतं.

आणि त्या रोट्या! २०१३ च्या प्रयागच्या कुंभात लाइफबॉयवाल्यांनी पंचवीस लाख रोट्यांवर तापलेला शिक्का मारून विचारलं होतं, हात धुतलेत का? घास मोडायच्या क्षणी प्रश्न हातात. याला म्हणतात डोकं. आमच्या खिचडीवर काही छापता येत नाही, हीच अडचण. पुढे सॅव्हलॉनने साबण मिसळलेले खडू काढले. पाटीवर लिहून बोटांना लागलेली भुकटी पाण्याखाली धरली की फेस. मी हेवा करत बसले. एवढी वर्षं खडूची भुकटी खाल्ली, आणि हे आपल्याला सुचू नये?

शाळा पुन्हा भरली तेव्हा कपाटात स्नेहसंमेलनातली चमकी उरलेली होती. एका सकाळी मी दहा पोरांच्या तळहातांवर खोबरेल तेल लावलं, त्यावर चिमूटभर चमकी चोळली, आणि एक अक्षर न बोलता गणिताचा तास घेतला. अर्ध्या तासाने चमकी कुठे नव्हती ते सांगा. बाकांवर, दप्तरांवर, माझ्या हजेरीपटावर, कडीवर, माठाच्या ओगराळ्यावर. ज्या तीस जणांना लावलीच नव्हती त्यांच्या गालांवर. मुख्याध्यापकांना निरोप द्यायला गेलेल्या मुलीमुळे त्यांच्या सहीवरसुद्धा. मग सगळे नळावर. नुसत्या पाण्याने चमकी हलेना, तेल तिला सोडत नव्हतं. साबण लावला तशी निघाली. तेल, मळ आणि त्याला चिकटलेलं सगळं साबण सोडवतो, हे मी फळ्यावर लिहिलंच नाही. पोरं एकमेकांचे हात उलटसुलट करून तपासत होती.

एक मुलगी हात न धुताच घरी पळाली होती. दुसऱ्या दिवशी तिची आई कडेवर आठ महिन्यांचं बाळ घेऊन दारात. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती म्हणाली, "बाई, हिच्या हातावरची चमकी बाळाच्या ओठावर कशी आली?"

मी काही बोलले नाही. तीही थोडा वेळ बोलली नाही. मुलीच्या हाताकडे बघत होती, मग बाळाकडे, मग स्वतःच्या हाताकडे.

"म्हणजे बाकीचंपण असंच जातं," ती म्हणाली.

मिरियमताई, या वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. तुमचं भाषण ऐकलं नसतं तर मी त्या दिवशीसुद्धा जंतूंवर व्याख्यान दिलं असतं आणि ते वाक्य तिच्या तोंडून आलंच नसतं. (चमकी पोटात जाणं बरं नाही, हे नंतर सुचलं. आता सगळ्यांचे हात धुवून झाल्याशिवाय मी कोणाला फाटकाबाहेर सोडत नाही.)

त्याच बाईने जुना पायमोजा आणून दिला. त्यात वडी घालून तो नळाला बांधला, कारण उघडी वडी कावळे पळवतात. खोटं नाही, गोवंडीचे कावळे साबण नेतात, त्याचं काय करतात ते त्यांनाच माहीत. मोज्यावर चोच मारून जातात, पण वडी सुटत नाही. शिपाईमामांनी मात्र मोजा पाहून पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं.

आता दोन शब्द तक्रारीचे. ताई म्हटलं की तेवढा हक्क येतो.

पहिली गोष्ट पाण्याची. पालिकेच्या हिशेबात झोपडपट्टीतल्या माणसाला दिवसाला ४५ लिटर पाणी धरतात आणि इमारतीतल्या माणसाला १३५. तेही आलं तर. वीस सेकंद हात चोळा म्हणणं सोपं आहे, पण जिच्या पिंपात आजचा दिवस काढण्यापुरतंच पाणी आहे ती वीस सेकंद नळ सोडणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. आम्ही बिसलरीच्या बाटलीच्या बुचाला तापल्या सुईने भोकं पाडली. बाटली उलटी टांगली की दोन-तीन पोरांचे हात एका बाटलीत निघतात. हे आमचं जुगाड झालं. नळाचं पाणी देणं हे सरकारचं काम, ते कोणत्याही साबणाच्या जाहिरातीने होणार नाही. तुमच्या जुन्या कंपनीने पालिकेबरोबर २०१६ मध्ये घाटकोपरला आझाद नगरात 'सुविधा' नावाचं केंद्र उभं केलं. शौचालय, न्हाणी, कपडे धुवायची सोय, आणि वापरलेलं पाणी पुन्हा शौचालयात फिरवायची व्यवस्था. चांगलंच काम आहे. अशी किती लागतील ते गोवंडी स्टेशनवर उतरून वस्तीत चालत गेलात की कळेल.

दुसरी गोष्ट साबणाच्या नावाची. कराचीच्या वस्त्यांमध्ये झालेला मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. साबणाने हात धुणाऱ्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला, जुलाबही तसेच कमी झाले. आणि साधा साबण काय, जंतुनाशक साबण काय, फरक शून्य. त्या अभ्यासाला पैसा पुरवणाऱ्यांत साबण कंपनीच होती, हे विशेष. म्हणून मी पालकसभेत वेष्टन काढूनच वडी दाखवते. लाल, हिरवी, पिवळी, स्वस्तातली जी घरात असेल ती. तुम्हाला हे खटकणार नाही असं वाटतं, तुमच्या जुन्या विक्री विभागाचं माहीत नाही.

केरळात २००२ मध्ये सरकार, जागतिक बँक आणि साबण कंपन्या मिळून हात धुण्याची मोहीम काढणार होते, तेव्हा लोक भडकले होते. देशात बालमृत्यू सर्वांत कमी आमच्याकडे, आणि आम्हालाच साबण शिकवता? त्यांचं मला पटतं. गोऱ्या कांतीची क्रीम वर्षानुवर्षं विकून २०२० मध्ये फक्त नाव बदलणारं घरही युनिलिव्हरचंच, हे माझ्या वर्गातल्या सावळ्या पोरींकडे बघताना मी विसरत नाही. लाइफबॉय इथे १८९५ पासून विकला जातोय. पुढच्याच वर्षी मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. म्हणजे आमचं आणि या साबणाचं नातं संकटाइतकंच जुनं, आणि धंदा त्याच्याही आधीचा. हे सगळं डोक्यात ठेवूनच मी आभार मानते आहे. बाबा असते तर म्हणाले असते, मान आभार, पण खिसा बघ.

करोनात सगळ्या मुंबईने हात धुतले. सोसायट्यांच्या गेटवर पिंपं, दुकानांत बाटल्या, पोरांच्या तोंडी वीस आकडे. भीती ओसरली तशी पिंपंही गेली. आमच्या नळावरचा मोजा मात्र टिकला, आत्तापर्यंत चार बदलले. सगळी पोरं रोज धुतात असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात, खिचडीऐवजी गोड काही असलं की, किंवा मी रजेवर असले की, चड्डीला हात पुसणं अजून चालतं. पण आता कोणीतरी ओरडतं, "ए, चमकी!" आणि तो उठतो.

तुम्ही आणि तुमच्या सोबत्यांनी २००८ साली १५ ऑक्टोबर हा हात धुण्याचा दिवस सुरू केलात. पहिल्या वर्षी आमचा सचिनही त्यात हात धुताना दिसला होता. महाराष्ट्रात ही तारीख वाचन प्रेरणा दिनाचीही आहे, कलामसाहेबांच्या जन्मदिवसाची, त्यामुळे शाळेत त्या दिवशी दोन कार्यक्रमांची मारामारी असते. गेल्या वर्षी मी भांडण मिटवलं. आधी नळ, मग पुस्तक. ग्रंथालयाच्या पुस्तकांवर तेलाचे ठसे नकोत म्हणून मुख्याध्यापकही लगेच कबूल झाले.

हे पत्र आधी वहीच्या कागदावर लिहिलं, मग लेकीने मोबाइलवर उतरवून घेतलं. लिहिताना वही वर्गातल्या टेबलावर होती. कागदाच्या कडेला दोन-तीन ठिकाणी काहीतरी चकाकतंय. कधी आमच्याकडे आलात तर कागद दाखवीन. हात मात्र नंतर धुवावे लागतील. मोजा नळाला आहे.

आपली,
दुसरीच्या वर्गाची बाई, गोवंडी