फोंड्याच्या मेस्तांना (मेकॅनिकना), आमच्या ओपेल गाडीच्या इंजिनाबद्दल

प्रिय मेस्त,

सप्रेम नमस्कार.

जुनी गाडी सांभाळणाऱ्या इतरांनाही तुमचं काम कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

आमची ओपेल रेकॉर्ड पोर्तुगीज अमदानीत आलेली, म्हणजे 1961 च्या आधीची. त्या वेळची इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायची. शिशामुळे पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे आपणहून न पेटण्याची ताकद, वाढायची. आपल्या देशात ते पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं. तुमच्याकडे गाडी आणली तेव्हा आमच्या पंपावर साधं 91 ऑक्टेनचंच मिळायचं. मांडवी पूल ओलांडून पर्वरीचा चढ लागला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज सुरू व्हायचा. कुणी ऑक्टेन बूस्टरची बाटली सुचवली, कुणी डिझेल इंजिन बसवून मोकळे व्हा म्हणाले. बाबांना ते ऐकवत नव्हतं.

तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी माझ्या शेजारी बसलात आणि एक चढ चढायला लावलात. पाय दाबला की आवाज, सोडला की बंद. "टॅपेट नव्हे, बेअरिंगही नव्हे. ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपणहून पेटतंय," असं म्हणालात. नॉकिंग म्हणतात ते हेच. इतक्या वर्षांत हे मला कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं.

डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) थोडा फिरवून टाइमिंग मागे घेतलं असतंत, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडली असतीत, तर आवाज त्याच दिवशी थांबला असता. पण फार मागे घेतलं की गाडीची ओढ जाते, इंजिन तापतं. तुम्ही डेल्कोच खोललात. आतल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल पडल्या होत्या, त्यामुळे वेग वाढल्यावर मिळायचा ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) कमी वेगातच पुरा मिळत होता. दुसऱ्या जुन्या डेल्कोच्या स्प्रिंगा शोधून, बसवून, टाइमिंग लाइट लावून प्रत्येक वेगाला ॲडव्हान्स किती येतो ते तपासलंत आणि मगच मूळ टाइमिंग जेमतेम दोन-तीन अंश मागे घेतलंत. एवढा धीर क्वचित कुणाकडे असतो.

मग हेड उतरवलंत. पिस्टनवर कार्बनचा थर होता. तो जागा खातो, म्हणून कॉम्प्रेशन वाढतं, आणि तापून निखाऱ्यासारखा झाला की ठिणगीविनाही पेट्रोल पेटवतो, हे तुम्ही खरवडता खरवडता सांगत होतात. प्लग एक पायरी थंड रेंजचे, म्हणजे टोक कमी तापणारे, घातलेत, रेडिएटरमधला क्षार काढलात. बाटलीची गरजच उरली नाही. आता तोच चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते. बाबा पहिल्यांदा त्या चढावर बसले तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा एकदा खाली जाऊन वर यायला सांगितलं.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. त्याचा ऑक्टेन चढा असला तरी इथेनॉलमध्ये आधीच ऑक्सिजन असल्यानं जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) पडतं, हे ओळखून तुम्ही मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) एक नंबर मोठा केलात आणि जुन्या रबरी नळ्याही बदलायला लावल्यात. त्या नळ्यांचं सांगणं मी जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मालकाला आवर्जून सांगतो. जुनं रबर इथेनॉलनं सुजतं, चिरतं, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणं हा नॉकिंगपेक्षा मोठा धोका आहे.

तुम्ही मजुरी घेतलीत ती वाजवीच होती, पण कारण शोधण्यात घालवलेल्या वेळाचं बिल लावलंच नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. मेस्त, या गणेश चवथीला आमच्याकडे जेवायला यायचंच. न्यायला तीच गाडी घेऊन येईन, डेल्कोतल्या पॉइंटचा गॅपही तेव्हा एकदा बघून घ्या.

तुमचा,
डिचोलीचा ओपेलवाला